नव्या घरात सरपणाची शेगडी आणि तिचे धुराडे : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रस्त्याच्या पुढे, गिरणारे, मखमलाबाद, त्र्यंबक रस्ता आणि इगतपुरीच्या बाजूला गेल्या काही वर्षांत स्वतंत्र घरे बांधणाऱ्यांपैकी अनेक जण दिवाणखान्यात सरपणाची बंद (दार लावून आत आग ठेवायची) शेगडी किंवा मागच्या पडवीत चूल ठेवण्याचा विचार करतात. त्यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या मजकुरात ‘धुराडे’ हाच शब्द वापरला आहे, कारण ‘चिमणी’ म्हटले की आजकाल गवंड्यापासून सुतारापर्यंत सर्वांच्या डोळ्यांपुढे गॅसच्या ओट्यावरची विजेची चिमणी येते आणि नकाशात भलत्याच ठिकाणी भोक पडते.

प्रश्न : धुराड्याचा विचार नेमका केव्हा करावा? शेगडी घर झाल्यावर घेणार आहोत.

शेगडी नंतर घेतली तरी चालेल, परंतु धुराड्याची जागा स्लॅबचे सेंट्रिंग लागण्यापूर्वी, शक्य असल्यास नकाशा कागदावर असतानाच, ठरली पाहिजे. धुराड्याला छतातून सरळ वर जायचे असते आणि त्याच्या वाटेत बीम, पाण्याचे पाइप, विजेच्या नळ्या किंवा वरच्या मजल्यावरची खोली आली, तर त्यांच्यापैकी कोणीही सहज बाजूला होत नाही. घर पूर्ण झाल्यावर धुराडे बसवायला निघालेले लोक शेवटी स्लॅबला कोअर कटिंग करतात, त्यात सळ्या कापल्या जातात, आणि मग ते टाळण्यासाठी नळीला दोन-तीन कोपर घालून ती भिंतीतून बाहेर काढली जाते. अशी नळी धूर बाहेर टाकण्याऐवजी खोलीतच ठेवते. आमच्या स्वतःच्या घरी पहिल्या हिवाळ्यात हेच घडले. शेगडी उत्तम होती, परंतु ती विझवून खिडक्या उघडण्यातच संध्याकाळ जाई. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच बैठकीत सांगावे की या ठिकाणी स्लॅबमध्ये साधारण 350 मिलिमीटर बाजूचे चौकोनी भोक हवे आहे. सळ्या न कापता त्या भोकाभोवती जादा सळ्या देऊन ते कसे ठेवायचे, हे त्याला ठाऊक असते. एवढे एक वाक्य वेळेवर सांगितले की बाकीचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

प्रश्न : नाशिकच्या थंडीला शेगडी खरोखर लागते का, आणि ती केवढी असावी?

नाशिकच्या हिवाळ्यातील रात्री चांगल्याच गार असतात, आणि निफाडला तर काही वर्षी किमान तापमान 5 अंशांच्याही खाली उतरते. तरीही ही थंडी युरोपातली नव्हे. दिवसा ऊन असते आणि भिंती तापलेल्या असतात. पंधरा बाय वीस फुटांच्या, दहा फूट उंच दिवाणखान्याला 4 ते 5 किलोवॉटची लहान शेगडी पुरते. दुकानात मोठी शेगडी दिमाखदार दिसते, परंतु ती घेतली की खोली अर्ध्या तासात तापते आणि मग हवा कोंडून तिला धुमसत ठेवावे लागते. धुमसणारी आग जास्त धूर करते, धुराडे गार राहते आणि त्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा थर चढतो. लहान शेगडी पूर्ण ज्वाळेने चालवणे केव्हाही चांगले.

सरपणाचा हिशेबही येथेच करून ठेवावा. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे 4 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते आणि चांगली बंद शेगडी त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास खोलीला देते. म्हणजे 4 किलोवॉटच्या शेगडीला तासाला साधारण दीड किलो, चार तासांच्या संध्याकाळीला सहा किलो आणि सत्तर संध्याकाळींच्या हंगामाला सव्वाचारशे किलोच्या आसपास लाकूड लागते. एवढे लाकूड कोरड्यात ठेवण्याची जागा घराच्या नकाशात आहे का, हे पाहावे.

प्रश्न : धुराडे घराच्या आतून न्यावे की बाहेरच्या भिंतीला लावून?

शक्य तेथे आतून. धुराड्याचे सारे काम गरम हवा हलकी असते या एका गोष्टीवर चालते. नळीतला वायू जितका गरम आणि नळी जितकी उंच, तितकी ओढ जास्त. नळीत सरासरी 200 अंश, बाहेर 15 अंश आणि उंची 6 मीटर धरली, तर सुमारे 25 पास्कलची (पास्कल हे दाबाचे माप) ओढ मिळते. बहुतेक बंद शेगड्यांची चाचणी 12 पास्कलच्या आसपास घेतलेली असते, त्यामुळे हा आकडा पुरेसा वाटतो. मात्र त्यातून प्रत्येक वळण, प्रत्येक खडबडीत सांधा आणि प्रत्येक थंड फूट काही ना काही वजा करतो. घराच्या आतून जाणारी नळी उबदार राहते, तर बाहेरची नळी पहाटेच्या गार हवेत उघडी उभी असते. बाहेरूनच न्यावी लागली, तर ती पूर्ण उंचीभर दुहेरी आणि उष्णतारोधक असावी. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीमुळे हवा विरळ होऊन ओढ कमी पडेल, अशी शंका काही जण विचारतात. तो फरक सहा-सात टक्क्यांचा असतो आणि फूटभर जादा नळीने भरून निघतो.

प्रश्न : गच्चीच्या वर धुराडे किती उंच असावे?

जगभर वापरला जाणारा सोपा नियम असा आहे : धुराडे छतातून जेथे बाहेर पडते तेथून किमान 3 फूट वर, आणि आडव्या 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या माथ्यापेक्षा किमान 2 फूट वर. आपल्याकडच्या सपाट गच्चीवर या नियमातला दुसरा भाग महत्त्वाचा ठरतो, कारण दहा फुटांत पॅरापेट, जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी हमखास येते. जिन्याची खोली आठ फूट उंच असेल आणि धुराडे तिच्यापासून पाच फुटांवर असेल, तर धुराड्याला गच्चीपासून दहा फूट उंची लागेल. एवढी उंच नळी वाऱ्यात हलू नये म्हणून तिला तीन बाजूंनी ताण द्यावे लागतात. म्हणून शेगडीची जागा जिन्याच्या खोलीपासून दहा फुटांहून दूर ठेवणे स्वस्त पडते. शेगडीपासून माथ्यापर्यंत एकूण उंची साडेचार मीटरपेक्षा कमी नसावी. एकमजली घरात हे सहज विसरले जाते.

प्लास्टिकची टाकी, सोलर पॅनेल आणि सोलर बंबाच्या काचनळ्या धुराड्यापासून दूर असाव्यात. काजळी पॅनेलवर बसते, आणि ठिणगी कुठे पडेल हे कोणाच्या हातात नसते. वळवाच्या विजांचा विचार करून गच्चीवरच्या धातूच्या नळीला अर्थिंगही द्यावे.

प्रश्न : नळीचा व्यास किती असावा आणि वळणे किती चालतील?

शेगडीच्या तोंडाचा जो व्यास असेल तोच, शेवटपर्यंत. तो बहुधा 6 इंच, म्हणजे 150 मिलिमीटर असतो. ‘चारची नळी स्वस्तात मिळते’ म्हणून मध्येच तोंड आवळू नये. वळणे नसावीत. असलीच तर दोन, आणि तीही 45 अंशांची.

प्रश्न : नळी कशाची असावी? मिस्त्री सिमेंटचा पाइप सुचवतो.

या प्रश्नावर आमचे मत ठाम आहे. आपल्याकडे बंबाला, चुलीला आणि 1980च्या दशकातील सरकारी सुधारित चुलींनाही अनेक ठिकाणी सिमेंटचे राखाडी पाइपच बसवले गेले, त्यामुळे मिस्त्रीची सूचना त्याच्या अनुभवातूनच येते. परंतु ते जुने पाइप ॲसबेस्टॉस सिमेंटचे होते. ॲसबेस्टॉसचे तंतू फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतात, आणि हा पाइप कापताना किंवा भोक पाडताना उडणारी धूळच सर्वांत घातक असते. शिवाय बंद शेगडीच्या उष्णतेला तो तडकतो, क्वचित फुटतोही. बंबाच्या दोन तासांच्या धुराला तो टिकला म्हणून शेगडीला टिकेल, असे धरू नये. जुन्या घरात असा पाइप असेल, तर तो फोडू नये. ओला करून, अखंड उतरवून घ्यावा.

जीआय पत्र्याची नळी दुसऱ्या क्रमांकाने सुचवली जाते. तिच्यावरचा जस्ताचा थर 419 अंशांना वितळतो आणि शेगडीच्या तोंडाशी तेवढे तापमान सहज होते. जस्ताचा धूर श्वासात जाणे वाईट, आणि थर गेल्यावर खालचा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. बाहेरच्या आवरणाला जीआय चालेल, आतल्या नळीला नाही.

आतली नळी 304 किंवा 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, बाहेरचे आवरण दुसऱ्या पत्र्याचे आणि मध्ये एक ते दोन इंच रॉकवूल किंवा सिरॅमिक ब्लँकेट, अशी दुहेरी नळी घ्यावी. साधे ग्लासवूल येथे वापरू नये, कारण धुराड्यात आग लागली तर आतले तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते. नाशिककरांची एक सोय अशी की सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेसचे नीट वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून नळी करून घेताना एक गोष्ट लिहूनच द्यावी : आतल्या नळीचा वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसला पाहिजे. पावसाच्या पाइपला सवयीने ते तसेच करतात; धुराच्या नळीला मात्र धूर वर जातो म्हणून अनेकदा उलटे करतात. मग वरून ओघळणारा काळा चिकट रस सांध्यातून बाहेर येतो आणि भिंत रंगवतो.

प्रश्न : स्लॅबमधून नळी नेताना काय सांभाळावे? तेथून गळते असे ऐकतो.

गळते ते नळीमुळे नव्हे, तर तिच्याभोवती ठासून भरलेल्या सिमेंटमुळे. सहा मीटरची स्टेनलेस नळी 300 अंशांनी तापली की सुमारे तीन सेंटिमीटर लांब होते आणि निवली की पुन्हा आखडते. तिच्याभोवती मसाला भरला, तर पहिल्याच आठवड्यात भेग पडते आणि ती भेग जूनची वाट पाहत बसते. नाशिक शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु इगतपुरीला तो 3,000 मिलिमीटरच्या वर जातो. तेथे ही भेग म्हणजे दिवाणखान्यातला झरा.

योग्य रीत अशी आहे. स्लॅबमध्ये ठेवलेल्या भोकाच्या कडेने स्लॅबबरोबरच किमान 8 इंच उंचीचा काँक्रीटचा कठडा उभा करावा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करताना वाटा, म्हणजे कोपऱ्यातला मसाल्याचा गोलवा, या कठड्यावर चढवावा. नळी कठड्याच्या मधून, चारी बाजूंना साधारण 2 इंच मोकळी जागा ठेवून जावी आणि तिचे वजन खाली किंवा मजल्यावर ब्रॅकेटवर असावे, कठड्यावर नसावे. कठड्यावर पत्र्याचे झाकण ठेवून, त्याच्या वर नळीला घट्ट बसलेली छत्रीसारखी झालर लावावी, म्हणजे पाणी झालरीवरून झाकणावर आणि तेथून बाहेर पडते, आणि नळी वरखाली सरकायला मोकळी राहते. त्या दोन इंचांच्या पोकळीत थर्माकोल, फोम किंवा चिंध्या कोंबू नयेत. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. अगदी वर टोपी हवी, आणि तिच्या खालची उघडी जागा नळीच्या तोंडापेक्षा कमी नसावी. आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून आडवा पाऊस आणतो, म्हणून त्र्यंबक-इगतपुरीकडे टोपीचा घेर मोठा ठेवावा. पक्षी आत जाऊ नयेत यासाठी जाळी लावावी, परंतु तिची छिद्रे अर्ध्या इंचाहून लहान नसावीत. बारीक जाळी काजळीने बुजते.

प्रश्न : आमचे छत कौलारू आहे. किंवा पत्र्याचे आहे.

येथे गळतीपेक्षा आग हा मोठा विषय आहे. एकेरी नळीपासून लाकडी वासे, रिपा आणि फॉल्स सीलिंग 18 इंच दूर हवे. दुहेरी उष्णतारोधक नळीला 2 इंच पुरतात, म्हणून छतातून जाताना दुहेरी नळीच वापरावी. आत फोम असलेली सँडविच पॅनेले सध्या फार्महाऊसवर सर्रास बसवतात. तो फोम पेट घेतो. त्या ठिकाणी पॅनेल मोठे कापून, कडा पत्र्याने बंद करून मधली जागा रॉकवूलने भरावी. शेगडीच्या मागे-बाजूला लाकडी फर्निचर आणि पडदे 3 फूट दूर ठेवावेत.

प्रश्न : स्वयंपाकघरात विजेची चिमणी आहे. तिचा शेगडीशी काही संबंध येतो का?

फार जवळचा. ओट्यावरची चिमणी तासाला हजार घनमीटर किंवा त्याहून जास्त हवा ओढून बाहेर टाकते. ही हवा कोठून तरी घरात यावी लागते. नव्या घरांच्या खिडक्या घट्ट बंद होतात, त्यामुळे ती हवा सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे धुराड्यातून उलटी येते. पंचवीस पास्कलची ओढ तिच्यापुढे टिकत नाही. धूर दिसला तर निदान कळते. निखाऱ्यांच्या अवस्थेत मात्र कार्बन मोनॉक्साइड वासाविना, रंगाविना खोलीत भरत राहतो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात : शेगडीजवळ बाहेरून थेट हवा आणणारी 4 इंची नळी मजल्यातून किंवा भिंतीतून द्यावी, विजेची चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवण्याची घरात सवय लावावी, आणि दिवाणखान्यात व लागून असलेल्या झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखाही हेच करतो, थोड्या प्रमाणात.

प्रश्न : मागच्या पडवीतला बंब याच धुराड्याला जोडता येईल का?

नाही. एका धुराड्याला एकच आग.

प्रश्न : बंद शेगडीऐवजी आईला साधी चूलच हवी आहे.

हरकत नाही, परंतु चुलीचा धूर उघड्यावर सुटतो, तेव्हा तो गोळा करण्यासाठी वर पत्र्याचे किंवा विटांचे छत्र लागते आणि नळी मोठी लागते. ढोबळ हिशेब असा की नळीचे क्षेत्रफळ छत्राच्या पुढच्या उघड्या तोंडाच्या एक दशांश असावे. तोंड 60 बाय 45 सेंटिमीटर असेल, तर नळी साडेसात-आठ इंचांची हवी. चुलीवर रोज स्वयंपाक करणार असाल, तर ती पडवीतच असू द्यावी. जुन्या वाड्यांतील स्वयंपाकघरांच्या काळ्या तुळयांकडे पाहून आपण हळवे होतो, पण ती काजळी तेथे रोज बसणाऱ्या बायकांच्या छातीतही बसत होती.

प्रश्न : परवानगी लागते का?

इमारतीचा नकाशा मंजुरीला देताना आर्किटेक्टकडून धुराडे त्यात दाखवून घ्यावे. शहराच्या हद्दीत महानगरपालिका आणि बाहेरच्या पट्ट्यात महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, दोन्हीकडे राज्याची 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. सोसायटीच्या इमारतीतील फ्लॅटमध्ये मात्र शेगडीचा विचारच करू नये. केंद्राने 2019 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहे, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी धूर खालीच साचून राहतो. शेजारच्या खिडकीत जाणारा धूर कायद्याआधी शेजारधर्मात बसत नाही.

प्रश्न : कोणते लाकूड जाळावे? द्राक्षाच्या काड्या फुकट मिळतात.

बाभूळ सर्वांत उत्तम : जड, संथ जळणारी, निखारा टिकवणारी. सुबाभूळ आणि आंबाही चालतात. लाकूड कोणतेही असो, त्यातील ओल 20 टक्क्यांच्या आत असली पाहिजे. फेब्रुवारीपर्यंत फोडून, जमिनीपासून वर, उन्हात रचलेले लाकूड आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात छान वाळते. जूनपूर्वी ते छपराखाली गेले पाहिजे. दोन ओंडके एकमेकांवर आपटावेत. टणक आवाज आला तर वाळले, बद्द आवाज आला तर थांबावे.

छाटणीच्या काड्या पेटवणाला चांगल्या, पण त्यांवर हंगामभर बोर्डो मिश्रण आणि इतर औषधांचे फवारे बसलेले असतात. म्हणून त्या चुलीत स्वयंपाकासाठी वापरू नयेत, आणि बंद शेगडीतही मूठभरच घ्याव्यात. प्लायवूड, रंगवलेल्या जुन्या खिडक्या आणि फळांच्या पेट्यांबरोबर येणारे प्लास्टिक जाळू नये. झाड तोडायचे असल्यास ग्रामीण भागात 1964 चा आणि शहरात 1975 चा वृक्षतोड व वृक्षसंरक्षणाविषयीचा कायदा लागू होतो. वखारीतून घेतलेले सरपण त्यापेक्षा सोयीचे.

प्रश्न : पेटवताना पहिली पाच मिनिटे धूर खोलीत येतो.

नळीत रात्रभर गार हवा बसलेली असते, ती जड असते आणि खाली येते. वर्तमानपत्राचा बोळा पेटवून नळीच्या तोंडाशी धरावा, नळी ऊबदार झाली की ओढ सुरू होते. लाकडे खाली आणि काड्या वर अशी रचून वरून पेटवल्यास धूर आणखी कमी होतो. याने फरक पडला नाही, तर दोष उंचीत किंवा वळणात आहे.

प्रश्न : धुराडे केव्हा साफ करावे?

दोनदा : दिवाळीच्या आधी आणि मेच्या अखेरीस. दुसरी सफाई लोक टाळतात, आणि तीच आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे. काजळीत पावसाची ओल शिरली की ती आम्लधर्मी होते आणि चार महिने स्टेनलेसलाही खात राहते. सफाईसाठी नळीच्या तळाशी झाकणाचा टी-जोड हवा. वरून ब्रश सोडता यावा म्हणून टोपी स्क्रू काढून उतरणारी असावी. पावसाळ्यानंतर पेटवण्यापूर्वी आरशाने नळीत पाहावे. चिमण्यांची आणि साळुंक्यांची घरटी जाळी नसलेल्या धुराड्यात नेहमी सापडतात, मधमाश्याही.

प्रश्न : धुराड्यातच आग लागली तर?

रेल्वे जवळून गेल्यासारखा घुमणारा आवाज येतो, नळी लाल होऊ लागते. शेगडीची हवेची सर्व दारे बंद करावीत, घराबाहेर पडावे आणि 101 वर फोन करावा. वरून पाणी ओतू नये. तापलेली नळी त्याने फाटते. आग आपोआप विझली तरी नळीची पूर्ण तपासणी होईपर्यंत शेगडी पुन्हा पेटवू नये.

प्रश्न : राख बागेत टाकली तर चालेल का?

आधी ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, लाकडी वस्तूंपासून दूर, किमान दोन-तीन दिवस ठेवावी, कारण राखेच्या पोटात निखारा बराच काळ जिवंत राहतो. बागेबाबत मात्र जपून : राख अल्कधर्मी असते आणि नाशिकची काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी आहे. कंपोस्टच्या खड्ड्यात अधूनमधून मूठभर टाकावी, उरलेली भांडी घासायला ठेवावी.